हळदीकुंकवाखालचा आयरिश बिल्ला

गेली पस्तीस वर्षं, दर खंडेनवमीला, रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात एका आयरिश पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्याची यथासांग पूजा होत होती. पूजा करणाऱ्यांना तो आमच्या पणजोबांचा वाटायचा. तो पणजोबांचा नाही हे उभ्या पृथ्वीवर एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस बाजूला ताम्हण धरून उभा असायचा.

तो मी. वय त्रेपन्न. सांगलीत एका शाळेत इंग्रजी शिकवतो, माधवनगरला राहतो. मी फार बोलत नाही. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. ज्याला एक गोष्ट लपवायची आहे त्याने बाकीच्या दहाही बोलू नयेत, एवढंच ते धोरण होतं.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. दर पिढीत एकजण तरी फौजेत, त्यामुळे पाटावर दाटी असते. एक गंजकी तलवार, जी म्यानातून शेवटची कधी निघाली ते कुणालाच आठवत नाही. दोन कोयते. ट्रॅक्टरची किल्ली. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, सुभेदारकीपर्यंत मिळवलेली पदकं. आणि सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी, पणजोबांचा बिल्ला. घरात त्याला बिल्लाच म्हणायचे. मुळात ते पदक होतं, पहिल्या महायुद्धातलं, गोल, काळपट, एका अंगाला राजाचं डोकं. वर्षातून एकदा ट्रंकेतून निघायचं, हळद, कुंकू, झेंडू, की परत ट्रंकेत. देव घासायचे तर बायका घासतात, हत्यारं पुसायची तर पुरुष पुसतात. हा बिल्ला देवही नव्हता आणि हत्यारही, त्यामुळे तो घासणं कुणाच्याच वाटणीला आलं नाही. राजाच्या डोक्यावर कुंकवाचा असा थर चढला होता की आत राजा आहे की राणी हे सांगता येत नव्हतं.

पणजोबा बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकात, लढले, एवढं घरात पक्कं होतं. काय केलं ते दरसाल वाढत गेलं. माझ्या लहानपणी त्यांनी खंदकात उडी टाकून तीन तुर्क लोळवले होते. मी दहावीत जाईपर्यंत ते सात झाले. आबा, म्हणजे आमचे वडील, रंगात आले की संगीन मोडायची आणि पणजोबा नुसत्या हातांनी भिडायचे. पणजोबा स्वतः यातलं काही बोलल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. तेही शांत स्वभावाचे होते म्हणे.

मी कॉलेजला सांगलीला आलो. सांगलीत राहून नाटकात उभं राहिलं नाही तर घरमालक खोली खाली करायला सांगतो की काय, अशी तेव्हाची हवा. गॅदरिंगच्या एकांकिकेत मला सैनिकाचं काम मिळालं. शेवटी मरताना दोन पानांचं भाषण होतं, आणि मरताना छातीवर पदक पाहिजे होतं. बाकीचे पुठ्ठ्याचं करा म्हणत होते. मी म्हटलं, आमच्याकडे खरं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ट्रंकेतून काढून आणलं, कुणाला न सांगता. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः येऊन पडद्यामागून तुर्क मोजले असते.

खोलीवर मी ते चिंचेनं घासलं. राजा निघाला. आणि कडेवर, जिथं कधी कुणी बघितलं नव्हतं तिथं, बारीक अक्षरं निघाली. एक नंबर. मग डीव्हीआर अशी तीन इंग्रजी अक्षरं. मग पणजोबांचं नाव, साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं. मग दोन शब्द, त्यातला पहिला म्यूल.

मला म्यूलचा अर्थ येत नव्हता. आज मी इंग्रजीचा मास्तर आहे, हे लक्षात घ्या. मी फुशारकीनं ते पदक तालमीत फिरवलं. दिग्दर्शन करणारा पोरगा फौजी अधिकाऱ्याचा मुलगा होता. त्यानं कड दिव्याजवळ धरून वाचली आणि म्हणाला, "ड्रायव्हर, म्यूल कोर. गड्या, तुझा पणजा लढला नाही, खेचरं हाकत होता."

तालीम थांबली. कुणीतरी खेचरासारखं ओरडलं. त्याला खेचर कसं ओरडतं हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी फार बरोबर जमलं. पुढचे पंधरा दिवस माझं नाव खेचर होतं. प्रयोगाच्या दिवशी मी मरताना पहिलं वाक्य बोललो आणि मागच्या रांगेतून तोच आवाज आला. पाचशे माणसं हसली. दोन पानांचं भाषण मी चार ओळींत संपवलं आणि वेळेआधी मेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना मी कृष्णेच्या पुलावर सायकल लावली, पदक खिशातून काढलं आणि पाण्यात टाकलं.

आतापर्यंत मी स्वतःशीसुद्धा "हरवलं" असाच शब्द वापरत आलो. हरवलं नाही. चांगला हात मागं नेऊन फेकलं. आवाजही आला नाही, कारण मागून एसटी चालली होती.

मग घाबरलो. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, भांडी, कुलपं, घड्याळांच्या ढिगात, तेवढ्याच आकाराचा एक पितळी बिल्ला सापडला. मधे वीणेसारखं एक वाद्य, वर मुकुट, खाली काही इंग्रजी अक्षरं, ज्यांचा शब्द होत नव्हता. दुकानदाराला विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, "इंग्रजाचं हाय." मला तेवढं पुरे होतं. गावी नेऊन त्याला आधी तेल, मग कुंकू, मग पुन्हा तेल असं आठवडाभर माखलं आणि ट्रंकेत ठेवून दिला. पुढच्या खंडेनवमीला आबांनी तो तळहातावर घेतला, जोखला, म्हणाले, "हलका झाला व्हय रं?"

"झिजला असंल, आबा."

"कशानं झिजंल? पडून तर असतोय."

"हवेनं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला होतो. त्यांनी हवा मान्य केली. पुढं ते गेले, दादा पेन्शनीवर येऊन शेती बघू लागले, पाट तोच राहिला. वर्षं गेली तसा कुंकवाचा थर सुटला आणि वीणा दिसू लागली, पण तोवर आत राजा होता हे कुणाला आठवत नव्हतं. बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. दर वर्षी माझ्या हातातलं ताम्हण किंचित हलायचं आणि वहिनी म्हणायच्या, "भावजींना उपास सोसत न्हाई."

हे असंच चाललं असतं आणि माझ्या तेराव्याला संपलं असतं. पण दादांचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर डब्लिनला गेला. तिथं एका गुत्त्यात, म्हणजे ते लोक त्याला पब म्हणतात, भिंतीवर काचेच्या चौकटीत त्याला आमचा बिल्ला दिसला. तोच. वीणा, मुकुट, अक्षरं. त्यानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "पणजोबांचा बिल्ला हितं हाय. एक तिकडं, एक हितं. ह्याचा अर्थ काय काका?"

काकांनी दोन दिवस फोन बंद ठेवला.

अर्थ त्यानंच काढला. भिंतीखाली जो म्हातारा बसला होता त्याचे आजोबा त्याच पलटणीत होते. बिल्ल्यावरचे शब्द आयरिश भाषेतले, इंग्रजी अक्षरांत वेडेवाकडे लिहिलेले: फॉग अ बॅला. अर्थ, वाट सोडा. पलटणीची रणगर्जना. नेटवर तिची कथाही मिळाली. दोनशे वर्षांमागं स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढाई झाली, आयरिश शिपाई ही गर्जना करत घुसले आणि फ्रेंचांचा गरुड असलेला झेंडा हिसकावून आणला. पुतण्यानं हे सगळं मराठीत करून पाठवलं आणि तिथून आमच्या घराला जो आयरिशपणा चढला तो काही उतरेना.

दादांनी सिद्धांत मांडला. बसऱ्याला आपली आणि आयरिश पलटण शेजारी असणार. आयरिश अडचणीत आले असणार. पणजोबांनी वाचवले असणार. त्यांच्या साहेबानं टोपीवरचा बिल्ला काढून पणजोबांच्या छातीला लावला असणार. चार "असणार" एकमेकांवर रचले की आमच्याकडे त्याला इतिहास म्हणतात. आठ दिवसांत "असणार" गळून पडलं. मी काही बोललो नाही. माझा स्वभाव शांत.

दादांच्या मनात बऱ्याच दिवसांपासून गावच्या चौकात पणजोबांच्या नावाचा दगड उभा करायचं होतं. कारण काय, तर गावात दुसऱ्या भावकीचा एक दगड आधीच उभा होता. आता दगडाला मजकूर मिळाला. काळा पाषाण, वर वीणा, खाली आयरिश शब्द, त्याखाली मराठीत "वाट सोडा", आणि मग पणजोबांचं नाव, "आयरिश पलटणीचा प्राणदाता". आयरिश लोकांचा सण सतरा मार्चला असतो असं पुतण्यानं कळवलं. दादा म्हणाले, त्याच दिवशी उद्घाटन. डब्लिनच्या म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. तो निवृत्त बस ड्रायव्हर, सत्तरीचा, विधुर, त्याला कुठं काय काम होतं? तो म्हणाला, येतो.

त्याला पुण्याहून आणायचं काम माझं, कारण इंग्रजी मला येतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्यानं खिशातून एक वही काढली. आजोबांचं नाव, त्यांच्या पलटणीची ठिकाणं, तारखा, सगळं सुवाच्य अक्षरात. त्याचे आजोबा युद्धाबद्दल कधी काही बोलले नाहीत. "म्हणून तुमच्या घरात काहीतरी ऐकायला मिळालं तर," असं म्हणून त्यानं पेनाचं टोपण काढलं. मी त्याला वडापाव घेऊन दिला.

गावात त्याचं बरं चाललं. दोन दिवसांत ऊन लागून लाल झाला. वहिनी म्हणाल्या, "आवं, पावणं टमाट्यागत झाल्यात, त्यानला सावलीला बसवा." पण तो बसेना. गोठ्यामागं लसूणघासाचा वाफा बघून तो गुडघ्यावर बसला आणि एक डहाळी तोडून मला दाखवली. तीन पानं. म्हणाला, आमच्या सणाला अशीच तीन पानांची काडी कोटाला लावतात, आमच्या संतानं याच पानावरून लोकांना देव समजावला.

मी भाषांतर केलं. वहिनी म्हणाल्या, "ही? ही तर म्हशीची वैरण."

"त्यांच्यात पवित्र आहे, वहिनी."

"मग म्हशीला सांगा, जपून खा म्हनावं."

तरी त्यांनी दोन पाट्या घास कापून धुऊन ठेवला, सतरा तारखेला प्रत्येकाच्या खिशाला लावायला. आयरिशांचा रंग हिरवा, म्हणून हिरवे फेटे सांगितले होते. हिरवा रंग कशाला म्हणून दोघातिघांनी भुवया चढवल्या तेव्हा दादा म्हणाले, "उसाचा रंग हाय. हरकत हाय का कुणाची उसाला?" उसाला हरकत घेणारा आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. चौकात फ्लेक्स लागला. वर सतरा पुढाऱ्यांचे फोटो, मधे दादा, कोपऱ्यात पणजोबांच्या जागी फोटो नसल्यामुळे संगीन घेतलेला कुणीतरी गोरा शिपाई, आणि एका बाजूला हिरव्या टोपीतला बुटका दाढीवाला, जो फ्लेक्सवाल्यानं नेटवरून उचलला होता. तो त्यांच्या गोष्टींतला खोडकर बुटका आहे, हे पाहुण्यानं मला हसत हसत सांगितलं. तोवर आमच्या दोन म्हाताऱ्यांनी संत समजून त्याच्यापुढं नारळ ठेवला होता.

दगडावर अक्षरं कोरायचं काम पंधरा तारखेपासून सुरू व्हायचं होतं. वरची वीणा झाली होती. चौदाला पाहुणा म्हणाला, तुझी सांगली दाखव. मी त्याला गाडीत घातलं आणि कुठं जायचं हे न ठरवता पुलावर आलो. दुपारची वेळ, मार्चातली कृष्णा, पाणी कमी, म्हशी बसलेल्या. त्यानं कठड्यावर कोपरं टेकली. मी म्हणालो, "इथून मी ते टाकलं."

इंग्रजीत सांगितलं म्हणून सांगता आलं. मराठीत जीभ वळली नसती. परक्या भाषेत आपण जरा भाड्यानं राहिल्यासारखे असतो, भिंतीला खिळा ठोकताना फारसं वाटत नाही. सगळं सांगितलं. कड, खेचर, हसणं, दुकान, तेल, कुंकू. सांगून झाल्यावर म्हणालो, तुमची माफी मागतो, तुम्ही एवढ्या लांबून वही घेऊन आलात.

त्यानं कठड्यावरून वाकून खाली पाण्यात बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या पितळेचा तुमच्या पणजोबांशी काही संबंध नाही."

"नाही."

"आणि माझ्या आजोबांशी?"

"मला माहीत नाही. जुन्या बाजारातला आहे."

"मग असेलही," तो म्हणाला. "दारूसाठी ते स्वतःचे दात विकायला निघाले होते. बिल्ला काय चीज."

मग त्यानं मला त्या दोन शब्दांचं खरं मूळ सांगितलं. स्पेनची गोष्ट खरी आहे, म्हणाला, पण ते शब्द स्पेनला गेले कुठून? आमच्या जत्रांतून. आयर्लंडच्या खेड्यांत जत्रेच्या दिवशी दोन भावक्या काठ्या घेऊन समोरासमोर यायच्या. कारण कुणालाच आठवायचं नाही. कुणाच्या आजानं कुणाच्या आजाला काही बोललेलं असायचं. पुढचा गडी पिऊन छाती काढून ओरडायचा, फाग अन बॅलाख, हा त्या शब्दांचा खरा उच्चार, वाट सोडा. मग डोकी फुटायची. त्याच पोरांना पुढं पोटासाठी इंग्रजानं लाल डगले चढवले, आणि तीच आरोळी त्यांनी फ्रेंचांना ऐकवली. "भांडकुदळ शेजाऱ्यांची शिवी होती ती," तो म्हणाला. "आम्ही तिला मुकुट लावून पितळेत ओतलं. वारसा म्हणतात तो असा."

मला आमच्या चौकातला दुसऱ्या भावकीचा दगड आठवला आणि हसू आलं. पस्तीस वर्षांत त्या पुलावर पहिल्यांदा.

तो हसला नाही. म्हणाला, "पण माझी माफी मागून तू स्वस्तात सुटायला बघतोयस. मी कोण? मी सुट्टीवर आलोय. जा आणि भावाला सांग. दगडावर आणखी छिन्नी पडायच्या आत."

संध्याकाळी दादा शेतात पाटाचं पाणी बघत होते. पाहुण्याला मी घरी सोडलं आणि एकटा बांधावर गेलो. वाटेत मी सुरुवात तीन-चार प्रकारे जुळवली होती. प्रत्यक्षात म्हणालो, "दादा, बिल्ला खोटा आहे."

"कोन म्हनतं?"

"मीच आणला होता. सांगलीतनं."

मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दादांनी एकदाही तोडलं नाही. हातातलं खोरं तेवढं जमिनीत रोवलं. खेचरांपाशी आलो तेव्हा मी घाईनं म्हणालो, "मी लहान होतो. सगळे हसले. पणजोबा लढले नव्हते हे घरी कळलं असतं तर आबांना काय वाटलं असतं, म्हणून..."

"आबाचं नाव घिऊ नगंस," दादा म्हणाले. "आबाला तू विचारलंस का? तुझी तुला लाज वाटली."

"व्हय."

"खेचराची."

"व्हय."

मला वाटलं होतं ओरडतील. आमच्या दादांचा आवाज परेडचा आहे, चार शेतं पलीकडं जातो. पण ते बांधावर बसले आणि अगदी हळू बोलायला लागले. त्याची मला जास्त भीती वाटली.

"मास्तर, खेचर म्हंजी काय ठावं हाय का तुला? मी दोन हिवाळे वरच्या पोस्टवर काढल्यात. गाडी येत न्हाई, हेलिकाप्टर ढगात उतरत न्हाई. रेशन, राकेल, गोळी, तुझ्या वहिनीची पत्रं, समदं खेचरावरनं यायचं. एक खेचर माझ्या डोळ्यादेखत घसरून दरीत गेलं. त्येचा ड्रायव्हर हुता तिकडचा डोंगरी गडी, ल्हान पोरागत रडला. त्या खेचराच्या खुरावर नंबर असतोय फौजेचा, आमच्यागत. आमी बंदुकीवाले त्येला आधी खायाला घालायचो, मग आपुन खायाचो. आन तू त्येचं पदक नदीत टाकलंस."

मी काही बोललो नाही. या वेळी ते धोरण नव्हतं.

"कडंला नाव हुतं म्हनालास?"

"नाव, नंबर, सगळं."

"आपल्या घरात दुसरं कुटं त्येंचं नाव लिवलेलं हाय?"

मी विचार केला. सातबारा त्यांच्या मुलापासून सुरू होतो. शाळेत ते गेले नव्हते. फोटो नाही, पत्र नाही. "न्हाई," म्हणालो. मग घाईनं पुढं म्हणालो, "पण मला नंबर पाठ आहे. एकही आकडा विसरलेलो नाही. तो घालू दगडावर. आणि ड्रायव्हर, म्यूल कोर."

दादा उठले. "तुझ्या सांगन्यावर?"

"मी स्वतः वाचलंय, दादा."

"तू हवेनं पितळ झिजवलंस, आबाच्या तोंडावर. आता तू म्हनतूस नंबर खरा हाय. आसंल बी. पर तुझ्या सांगन्यावर मी आता दगडावर टिंब काडायचो न्हाई. कागूद आन. फौजेचा कागूद, शिक्क्यासकट. तवर दगुड तसाच ऱ्हाईल." मग जाताना म्हणाले, "आन गावाला तू सांगायचं. माइकवर. मी न्हाई."

सतरा तारखेला चौकात सहाशे माणसं हिरवे फेटे बांधून, खिशाला म्हशीची वैरण लावून बसली होती. दगडावर नुसती वीणा होती, खाली कोरं. पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे पणजोबांनी भाषणांतून दोनअडीचशे आयरिश वाचवले. मग मी उभा राहिलो. सगळं सांगितलं, या वेळी मराठीत, चार ओळींत न संपवता. पहिल्यांदा कुणाला कळेना हा विनोद आहे की काय. मग मागून दुसऱ्या भावकीतला एकजण म्हणाला, "म्हंजी पस्तीस वर्सं इंग्रजाची टोपी पुजली म्हना की." चौक हसला. या वेळी मी माइक सोडला नाही. मी म्हणालो, "इंग्रजाची नव्हे, आयरिशाची. इंग्रजाची म्हटलेलं त्यांना खपत नाही." पाहुण्याला हे पुतण्यानं फोनवरून समजावलं आणि तो एकटाच टाळ्या वाजवत सुटला.

त्यानंतर पाहुण्याला बोलायला लावलं. त्यानं ती गर्जना एकदा खरी कशी म्हणतात ते दाखवली. लाल चेहरा, काठी नसल्यामुळे हातात छत्री, आणि असा घोगरा आवाज की स्टेजमागची कुत्री उठून गेली. मग त्यानं जत्रेतल्या मारामाऱ्यांचं सांगितलं, मी भाषांतर केलं, एक अक्षर पदरचं न घालता. लोकांना ते गरुडाच्या झेंड्यापेक्षा फार आवडलं. दोन्ही भावक्यांनी एकाच वेळी टाळ्या वाजवल्या, हे आमच्या गावात क्वचित होतं. जेवताना रस्सा दोनदा कमी पडला.

दादांनी बिल्ला पाहुण्याच्या हातात ठेवला. "तुमचा तुमी न्या." वहिनी धुऊन देते म्हणाल्या तर पाहुणा नको म्हणाला. कुंकवासकट पायमोज्यात गुंडाळून घेऊन गेला.

दादा माझ्याशी भांडले नाहीत. बोलणंही बंद केलं नाही. लोक विचारतात तेव्हा म्हणतात, मास्तर हाय, काम करतोय. काम म्हणजे अर्ज. जुन्या फौजेची दप्तरं कुठं आहेत, खेचरवाल्यांच्या याद्या ठेवल्या होत्या का, ठेवल्या असतील तर त्या इथं आहेत की विलायतेत, हे विचारणारी पत्रं मी लिहितो. आतापर्यंत अकरा गेली. दोघांनी उत्तर दिलं की आमच्याकडे नाही, अमुक ठिकाणी विचारा. अमुक ठिकाणानं पहिल्या ठिकाणी विचारा म्हणून कळवलं. नंबर बरोबर आहे का ही शंका आता मलाही कधीकधी येते. पाचव्या आकड्याशी थांबतो. हा त्यातला सगळ्यात वाईट भाग आहे, कारण खरा असला तरी तो आता एकट्या माझ्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्याचा भरवसा काय ते सहाशे माणसांना ठाऊक आहे.

दादांचा फोन दर सोमवारी येतो, शाळा सुटल्यावर.

"आलं का काय?"

"अजून न्हाई, दादा. परवा आणखी एक टाकलंय."

"कुटं?"

मी पत्ता सांगतो. ते लिहून घेतात, कागदाचा आवाज येतो. मग म्हणतात, "बरं," आणि ठेवतात.